घोडनवरीचे पंख

हँगरचं दार अजून तसंच आहे. आधी अडतं, मग खांदा लावला की रडतखडत सरकतं. व्हिटबीच्या उत्तरेला जाणाऱ्या त्या रस्त्यावर मी कितीतरी वर्षांनी गाडी घातली. पूर्वी दोन्ही बाजूंना मका असायचा. आता गोदामांच्या लांबलचक पांढऱ्या भिंती आहेत, आणि धावपट्टीच्या भेगांमधून गवत वर आलंय. नोव्हेंबरचं आभाळ खाली उतरलेलं होतं. दार सरकलं, आतला वास आला, आणि मी दारातच थबकले. थंड सिमेंट, जुनं तेल, लाकडाचा भुसा, आणि या सगळ्याच्या खाली दडलेला तो गोडसर, डोक्यात जाणारा वास. पंखांच्या कापडावर ते ताणून ताठ करणारं लुकण लावायचे, त्याचा. नेलपॉलिशच्या बाटलीत पिकलेलं केळं कुस्करलं तर येईल, तसा. बाबांच्या स्वेटरला, दादाच्या केसांना, पुढे आईच्या पदरालाही तो यायचा. माझ्या लेखी तो शनिवारचाच वास होता.

मी आले होते आईच्या कामाला. हँगर पाडणार, विमान ओटावाच्या एका संग्रहालयात जाणार, आणि तिथली मंडळी पंखांवरचं कुजलेलं कापड काढून आतला लाकडी सांगाडा तेवढा मांडणार, असा निरोप आला त्या दिवशी आईने मला फोन केला. आई व्हिटबीतच, तळ्याजवळच्या एका कॉन्डोत राहते. ऐंशी कधीच ओलांडली आहे, आणि तिच्या हृदयाचा आता काही भरवसा राहिलेला नाही. डॉक्टर हे इंग्रजीत गोल गोल सांगतात, ती मराठीत सरळ समजून घेते.

"कापड काढायच्या वेळी तू तिथे हजर पाहिजेस," ती म्हणाली. "उजव्या पंखात आहे तो. मी जायच्या आधी त्याला मोकळा करायचाय मला. आणि हायवेने जाऊ नकोस. विंटर टायर्स लावलेस ना?"

तो म्हणजे माझा दादा.

विमान हँगरच्या मधोमध उभं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी शूर येतं. हे बिचारं कधी लढलंच नाही. त्या काळात ॲल्युमिनियमची टंचाई आणि लाकूड मुबलक, तेव्हा लाकडाचा सांगाडा करून वर कापड चढवावं, असा कुणा हुशार माणसाचा बेत होता. नमुन्यादाखल दोन विमानं बनवली. एक चाचणीतच पडलं. दुसरं तयार होईपर्यंत वरच्यांचं मन फिरलं, आणि कारखान्यात त्या जातीचं तिसरं विमान कधी झालं नाही. कुणा शेतकऱ्याच्या गोठ्यात ते वर्षानुवर्षं पडून होतं, कोंबड्या त्याच्यावर बसत. तिथून काही हौशी म्हाताऱ्यांनी ते उचलून इथे आणलं, दुरुस्त करून पुन्हा उडवायचं म्हणून. आणि त्या म्हाताऱ्यांत जाऊन मिसळला एक चाळिशीतला मराठी माणूस, माझे बाबा.

बाबा विमानांचंच शिकलेले. विमानांसाठीच ते या देशात आले, आणि सबंध नोकरी फ्रिजच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या आखण्यात गेली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त कुणाच्याही घरी गेले की एकदा फ्रिजचा दरवाजा उघडून, हलकेच सोडून, तो कसा बंद होतो ते बघायचे. शनिवारी मात्र त्यांच्या चालण्यात फरक पडायचा. सकाळी ते बूट चढवू लागले की आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "निघाले. घोडनवरी वाट बघत असेल."

"यंदा उजवून टाकतो तिला," बाबा म्हणायचे.

"उजवा, उजवा. मुहूर्त निघाला की कळवा, मी अक्षता घेऊन येते."

मग फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पोळीभाजीच्या सुरळ्या, चिवड्याचा डबा, थर्मास, आणि मागच्या सीटवर दादा आणि मी. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. घरात तो आईशी मराठीत आणि माझ्याशी इंग्रजीत भांडायचा. हँगरमध्ये पाऊल टाकलं की मात्र एकदम गप्प आणि शहाणा व्हायचा.

शरद ऋतूत तिथे लाकडाचं काम चाले. स्प्रूसच्या पट्ट्या रंध्याखालून निघताना पिवळट सुरळ्या पडत, आणि मी त्या कानात अडकवून डूल म्हणून मिरवायची. बाहेर मका वाळून सळसळायचा. दादाला पंखांच्या फासळ्या घासायला देत. घासून झाली की तो डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवायचा, खरखर लागली की पुन्हा कागद घ्यायचा. थंडीत केरोसिनचा हीटर लावत. त्याच्या समोर उभं राहिलं की पोट भाजायचं आणि पाठ गारठायची. म्हातारे हातमोजे काढून आमच्या चिवड्यात हात घालत आणि मिरचीने ठसकत. उन्हाळ्यात दार सताड उघडं. रातकिडे, कापलेल्या गवताचा वास, कुठेतरी ट्रॅक्टर. दादा वैमानिकाच्या जागेवर चढून बसायचा. आधी त्याचे पाय खालच्या पट्ट्यांना पोचत नसत. मग एका उन्हाळ्यात पोचले. बाबा खाली उभे राहून त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा इतका उघडा मी त्यानंतर कधी पाहिला नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत दादा गेला. बर्फ, रस्ता, मित्राची गाडी, एवढंच सांगते. दारात आलेले दोन पोलीस बूट काढावेत की नाही या विचारात पायपुसण्यावरच उभे राहिले होते. त्यांच्या बुटांचा बर्फ वितळून तिथे डबकं झालं. ते डबकं मला अजून दिसतं.

इथे अस्थी सावडायला मिळत नाहीत. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी जाऊन, राख सारून, आपल्या हातांनी आपलं माणूस वेचायचं असतं. दूध-पाणी शिंपडून एकेक हाड उचलायचं असतं. इथे एक सभ्य माणूस काळ्या सुटात आला आणि त्याने बाबांच्या हातात एक चौकोनी डबा दिला. आईने झाकण उघडून आत पाहिलं. आत राखाडी, मऊ भुकटी होती, रांगोळीसारखी.

"यात तो कुठाय?" आईने विचारलं. "हाडं दळून देतात होय हे लोक?"

बाबांनी झाकण लावलं.

डबा देवघराजवळ ठेवायचा नसतो, म्हणून तो बेसमेंटमध्ये, बाबांच्या हत्यारांच्या फळीवर राहिला. त्याच्याशेजारी त्यांचा कॅमेरा आणि फिल्मच्या रिकाम्या डब्या. बाबांनी एकट्यानेच अस्थी सोडायला नाशिकला जायचं, असं ठरलं. ते जायच्या आदल्या दिवशी, बाबा कामावर असताना, आई बेसमेंटमध्ये गेली. मी जिन्यावर बसले होते. तिने खणाच्या तुकड्याची शिवलेली एक छोटी पुरचुंडी कमरेला खोचलेली होती. डबा उघडून तिने चिमूटभर राख त्या पुरचुंडीत घातली, आणि बोटं झटकली नाहीत, गालाला पुसली.

"बाबांना बोलू नकोस," ती म्हणाली. "त्यांचा या गोष्टींवर विश्वास आहे. सगळं सोडायचं असतं, नाहीतर माणूस अडकून राहतो. मला माहितेय ते. पण मला नाही होत."

बाबा परत आले तेव्हा विमानतळावर आईने फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

"सगळा सोडून आलो," बाबा म्हणाले.

सोमवारी ते कामावर गेले. शनिवारी हँगरवर गेले. घरात कधी त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही. आईने त्यांना हे माफ केलं नाही. भांडली नाही, टोमणेही थांबले, घोडनवरीचं नाव निघेना. फक्त कुणी सांत्वनाला आलं आणि बाबा कसे धीराचे आहेत असं म्हणालं, की ती म्हणायची, "ह्यांना जमलं." पुढे कित्येक वर्षं ती हे म्हणत राहिली. त्या दोन शब्दांत केवढा विखार मावतो, ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

बर्फ वितळायला लागला तेव्हा मार्गारेट आमच्याकडे आली. म्हाताऱ्यांच्या त्या कंपूतली ती एकुलती एक बाई. युद्धात, पोरसवदा असताना, ती विमानांच्या कारखान्यात पंखांना कापड शिवायची. आता घोडनवरीच्या पंखांवर कापड चढवायची वेळ आली होती आणि समोर उभं राहायला तिला दुसरी शिवणारी हवी होती. हे काम एकटीने होत नाही. पंख त्याच्या एका कडेवर उभा करतात. एक बाई या अंगाला, दुसरी त्या अंगाला. हिने मेण लावलेल्या दोऱ्याची हातभर लांब सुई आरपार घालायची, तिने फासळीच्या पलीकडून ती परतवायची. दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नाही. फक्त सुई येते आणि जाते.

आई गेली. साडीवर कोट, कोटावर बाबांचं ॲप्रन. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि त्या कामाला ते लागतही नव्हतं. "रेडी?" पलीकडून मार्गारेट विचारायची. "कमिंग," आई म्हणायची. कापडातून सुई शिरताना टप् असा बारीकसा आवाज व्हायचा, मग दोऱ्याचा सरसर, मग गाठ. तो सबंध वसंत मी तो आवाज ऐकला. आईला रडायचं होतं ते तिने त्या पंखाआड रडून घेतलं असावं. सुई मात्र कधी चुकली नाही तिची.

एका दुपारी जेवताना मार्गारेटने सांगितलं, की कारखान्यातल्या मुली पंख बंद करायच्या आधी आत काहीबाही ठेवून द्यायच्या. नावाची चिठ्ठी, केसांची बट, कुणी आपल्या भावाचं बटण. साहेबांना कळलं तर रागवायचे. "पण ते वर जायचं ना," मार्गारेट म्हणाली. "आपलं काहीतरी वर जायचं." बाबांनी ते आईसाठी मराठीत सांगितलं, अगदी बारीकसारीक तपशिलांसह. मग दोघंही आपापल्या डब्यात बघत जेवत राहिले.

पुढच्या शनिवारी उजवा पंख बंद व्हायचा होता. पुरुष मंडळी बाहेर इंजिनाशी खटपट करत होती. आईने कापडाच्या उघड्या तोंडातून हात घातला आणि पुरचुंडी एका फासळीला मेणाच्या दोऱ्याने बांधली. पलीकडे मार्गारेट दिवा धरून उभी होती. तिने पाहिलं.

"युअर बॉय?" तिने विचारलं.

"येस," आई म्हणाली. "ही वाँट टू फ्लाय."

मार्गारेटने दिवा जरा वर धरला, आईला नीट दिसावं म्हणून. मग शिवण पुढे सुरू झाली. डावा पंख त्यानंतर महिन्याभराने बंद झाला. आईला वाटायचं, त्या उन्हाळ्यात विमान उडेल. एकदा तो वर गेला, की झालं. नदीपेक्षा ते बरं, असं ती मला म्हणाली होती.

घोडनवरी उडाली नाही. त्या उन्हाळ्यात नाही, पुढच्याही नाही. परवानगी येईना, मग पैसे पुरेनात, मग म्हातारे एकेक करून जायला लागले. मार्गारेट गेली. इंजिन वर्षातून एकदा धडधडायचं, जमिनीवरच. निळा धूर निघायचा, गवत लोळण घ्यायचं, पंख थरथरायचे, आणि आई माझा हात धरून उभी असायची. मग इंजिन बंद. आई घरी येऊन अंघोळ करायची. तो अडकलाय, आणि आपण अडकवलाय, हे तिने मनातून काढलं नाही. घरात पाल चुकचुकली तरी तिचा जीव खाली-वर व्हायचा. बाबांना कधी सांगितलं नाही. बाबा तर शेवटपर्यंत हँगरवर जात राहिले. काम काही उरलं नव्हतं. पंखांवरची धूळ पुसायचे आणि यायचे. गेल्यावर त्यांचं सगळं आम्ही यथासांग केलं, त्या दिवशीसुद्धा कुणाशी तरी फोनवर बोलताना आई म्हणालीच, "हो, फार धीराचे. ह्यांना जमायचं सगळं."

आता हँगरमध्ये एमिली माझी वाट बघत होती. संग्रहालयाची मुलगी, माझ्या मुलीच्या वयाची, केस वर बांधलेले. पंखात काय आहे ते मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तिने वरिष्ठांना विचारलं होतं आणि ते हो म्हणाले होते. कापड पिवळं पडून कागदासारखं झालं होतं. ती आईच्या टाक्यांना लावून छोटी सुरी चालवू लागली. त्या टाक्यांत कुठेही ढिलाई नव्हती. दोरा काळा पडला होता, गाठी तशाच.

पुरचुंडी होती. खणाचा रंग उडून मातकट झाला होता, एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलं होतं, पण आत बोटाला काहीतरी लागत होतं. मी ती सोडवून रुमालात घेतली. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. थंडी वाजत होती आणि लवकर घरी जावं असं वाटत होतं.

"मॅम," एमिली म्हणाली. ती डाव्या पंखाजवळ उभी होती, तिथलं कापड तिने सकाळीच काढलेलं होतं. "दुसऱ्या पंखातही एक आहे. तुम्ही एकाच पंखाचं बोलला होता, म्हणून मी हात लावला नाही."

मी गेले. मुख्य तुळईला लागून, बरोबर त्याच जागी, लाकडाची एक छोटी बैठक होती. फासळीच्याच लाकडाची, कडा घासून गोल केलेली. तिच्यात फिल्मची काळी डबी बसवलेली. वरून पत्र्याची पट्टी, पट्टीला दोन स्क्रू, आणि ते स्क्रू हादऱ्यांनी फिरून ढिले होऊ नयेत म्हणून दोन्हींच्या डोक्यांतून बारीक तार ओवून पीळ दिलेला. विमान उडणार, हे गृहीत धरून केलेलं काम. लाकडावरून मी बोट फिरवलं. कुठेही खरखर नव्हती. तो हात मी जन्मभर ओळखते.

तार कापायला एमिलीने पक्कड दिली. माझ्याच्याने होईना, मग तिने कापली. डबीचं झाकण मी जेमतेम उचललं आणि पुन्हा दाबून बसवलं. आत काय आहे ते कळायला तेवढं पुरलं. मग मात्र मी त्या सिमेंटवर खाली बसले आणि रडले, दादासाठी नाही, बाबांसाठी. पंखांवरची धूळ पुसायला जाणाऱ्या त्या माणसासाठी. एमिली शहाणी मुलगी, ती पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

आई खिडकीपाशी बसली होती. बाहेर तळं करडं, आभाळाला जाऊन मिळालेलं. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, कोटही तयार ठेवला होता, मी आले की लगेच तळ्यावर जायचं म्हणून. मी टेबलावर रुमाल उघडला. पुरचुंडी तिने लगेच उचलली, नाकाशी नेली. मग डबीकडे बोट दाखवलं.

"हे काय?"

"डाव्या पंखात होतं," मी म्हटलं. "बाबांनी ठेवलेलं."

झाकण तिने स्वतःच काढलं. आत बघत राहिली. स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर सुरू झाली, थांबली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही.

"माझं यात घाल," शेवटी ती म्हणाली. "एकत्र सोडू. वेगळं कशाला?"

पुरचुंडीची गाठ तिला सुटेना. मी दाताने तोडली. तिने तळहातावर ती चिमूट घेतली आणि डबीवर धरून सोडली. राख आत गेली नाही. वरच्या वर तिची टेकडी झाली, आणि बाकीची टेबलावर सांडली. डबी काठोकाठ भरलेली होती. बोटाने दाबून दाबून भरलेली.

आईने सांडलेली राख तर्जनीने एकत्र केली. पुन्हा एकदा डबीत ढकलून पाहिली. जागाच नव्हती.

"एवढा ठेवून घेतला होता ह्यांनी त्याला," ती म्हणाली. "आणि मला सांगितलं, सगळा सोडून आलो."